येतो म्हण

वारासिवनीच्या बाजारात दुलीचंद बायस्कोपवाला बोंबलून राह्यला होता, "पुरी का समुंदर देखो! बत्तीघर देखो! रेती पे ऊँट देखो!"

हाच चित्रांचा डब्बा पाहून माझा भाऊ पुनाराम पुरीले गेलता. भांडून, "जातो" म्हणून निघाला. माय रस्त्यापर्यंत मागं धावली, "असं बोलू नाही बाबू, येतो म्हण!" त्यानं म्हटलं नाही. दोन वर्षं झाले, त्याचा पत्ता नाही.

माय बाजूले भाजी घेत होती; मी डब्ब्याच्या भिंगाले डोळा लावला.

बत्तीघराखाली, त्या समुद्रावरच्या उंच दिव्याच्या मनोऱ्याखाली, एक पोरगा पाठमोरा उभा होता. सदऱ्याच्या खांद्यावर लाल ठिगळ. ते मायनंच लावलं होतं.

उंटाच्या चित्रात बी तोच. पाण्याकडं तोंड करून.

"काका, ये चित्र नये लाये क्या?"

"नये कहाँ, पगली! मेरे बाप के जमाने के हैं."

तिसऱ्या चित्रात नुसता समुद्र होता. अन् पुनाराम त्यात कमरेइतक्या पाण्यात गेलता.

"माय, धाव वो! आपला पुनाराम!"

मायनं मले ढकललं अन् डब्ब्याले तोंड लावून ओरडली, "बाबू, घरी ये रे!"

लोकं हासले. "काय दात काढता?" मी खेकसली.

तेवढ्यात डब्ब्यातून त्याचाच आवाज आला, एकदम साधा. "येतो, माय."

कोणी हासलं नाही.

माय मात्र रडता रडता हासली. "आयकलं का? येतो म्हणला! चाल पोरी, त्याच्यासाठी भात टाकू."

मी भिंगातून पाह्यलं. नुसतं पाणी होतं.