दाखवायची खोली

एजन्सीच्या पाकिटावरचा पत्ता तिने चालता चालता वाचला आणि ती तिथेच थबकली. गल्ली तिची. बिल्डिंग तिची. तिसरा मजला, जिन्याच्या डावीकडची खोली. सकाळी ज्या खोलीत टॉवेल वाळत टाकून ती निघाली होती, तीच आज भाड्याने दाखवायची होती, आणि दाखवायची होती तिनेच.

"काय झालं? चुकलो का आपण?" मागून येणाऱ्या काकूंनी विचारलं. त्यांच्याबरोबर त्यांची लेक होती. युनिव्हर्सिटीत नुकताच प्रवेश मिळालेली, नवी कोरी सॅक छातीशी धरून चालणारी.

"नाही नाही. इथंच आहे."

काल जिन्यात मालकीणबाई भेटल्या होत्या. "उद्या दुपारी कॉलेजातच ना गं तू?" असं त्यांनी केवढ्या मायेने विचारलं होतं! तिला बरंही वाटलं होतं, चला, कुणीतरी आपली चौकशी करतंय म्हणून. त्या मायेचा अर्थ आता कळत होता.

साहेबांना फोन करून सांगण्यातही अर्थ नव्हता. एजन्सीतर्फे खोल्या दाखवायचं हे अर्धवेळ काम होतं, म्हणून तर तिच्या खोलीचं भाडं निघत होतं. साहेब तिला चेष्टेने प्रोफेसर म्हणायचे. ती कुठे राहते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आणि आज पाकीट हातात देताना ते चेष्टेच्या मूडमध्ये नव्हते. "प्रोफेसर, आठवडाभरात तुमच्या हातून एक खोली गेली नाही. आज हेही गिऱ्हाईक हातचं गेलं, तर उद्यापासून घरी बसून निवांत अभ्यास करा." कुठल्या घरी, ते साहेबांना ठाऊक नव्हतं. आता तिलाही नव्हतं.

ती जिना चढली. दारापाशी हात आपोआप पर्समध्ये गेला, किल्ली फिरली, दार जरा वर उचलून तिने गुडघ्याने ढकललं. उघडलं.

आत तिचा सगळा संसार जसाच्या तसा पडला होता. भिंतीवर तिचा आणि धाकट्या भावाचा वेडीवाकडी तोंडं केलेला फोटो. ती झटकन त्या फोटोला पाठ लावून उभी राहिली आणि तिथून हललीच नाही.

काकूंनी खोली अगदी मन लावून बघितली. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं, नळ सोडला, गादी दाबली. टेबलावरचा कप उचलून नाक मुरडलं. "कोण बया राहते गं इथं? चहा पिऊन कपसुद्धा विसळला नाही. सोडून चाललीय का ती?"

"हो," ती म्हणाली. "चाललीय."

"छान उजेड आहे पण." काकू लेकीला म्हणाल्या.

ते ऐकून तिचा धीर सुटला. नोकरी गेली तर दुसरी शोधता येईल, साहेबांच्या पाया पडता येईल; पण खोलीच गेली तर ती कुठे जाणार होती?

"काकू, एक सांगू? पलंगामागच्या भिंतीला ओल आहे. चादर दमट होते. सकाळी उशिरा उठलं की नळाला पाणी नसतं. वरचे आजोबा पहाटे खुर्च्या सरकवतात, का ते अजून कुणाला कळलेलं नाही. आणि मालकीणबाई फार गोड बोलतात. त्या गोड बोलायला लागल्या की सावध राहायचं."

सगळं खरं होतं. बोलून झाल्यावर तिला दम लागला. आता या निघून जातील. जा, लवकर जा, ती मनातल्या मनात विनवत होती.

काकू निघाल्या नाहीत. उलट पलंगावर टेकल्या.

"सकाळपासून खोल्या बघतोय. जो तो नुसतं कौतुक सांगतो. लेकीला परक्या गावात एकटं ठेवून जायचं, तर जीव थाऱ्यावर राहत नाही गं. उणं सांगणारी तू पहिलीच भेटलीस." त्यांनी पदराने डोळे टिपले. "ओलीचं बघू काहीतरी. घेतली आम्ही खोली. थांब, तुझ्या साहेबांनाच सांगते, आणि तुझं नावही सांगते."

फोन लागेना. रेंज नव्हती, तेवढं एक सांगायचं तिच्याकडून राहून गेलं होतं. काकू फोन कानाला लावून जिना उतरल्या.

मुलगी तिच्यामागून बाहेर येऊन दार ओढत राहिली. दार बसेना. "ताई, हे लागतच नाहीये," असं म्हणत तिने वळून पाहिलं आणि तिची नजर ताईच्या डाव्या हातावर गेली. एजन्सीचं पाकीट तिने अजून घट्ट धरलं होतं. वर पत्ता. तोंडाला पिना तशाच. आतल्या किल्लीचा आकार कागदातून दिसत होता.

मुलीने पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्या पर्सकडे. मग अर्धवट उघड्या दारातून आतल्या भिंतीवरच्या फोटोकडे. तिचा चेहरा उतरला.

"ताई..."

"अगं, हो म्हणाले ते!" खालून काकूंची हाक आली. "चल लवकर!"

मुलगी जागची हलली नाही. "मग तुम्ही कुठे जाणार?" तिने अगदी हळू विचारलं.

तिने मुलीचा हात धरला. तो हात तिने कडीवर ठेवला.

"आधी थोडं वर उचल," ती म्हणाली. "मग ओढ. नाहीतर आपण आत झोपलेलो असतो आणि दार उघडंच असतं. कळतसुद्धा नाही."