घरी बनवलेला राउटर

हिरवा दिवा पुन्हा विझला तेव्हा सासूबाई टेबलाखाली होत्या. हातात स्क्रूड्रायव्हर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

“आई, नेट गेलं का?” आतल्या खोलीतून सुनेने विचारलं. आवाजात राग नव्हता. तेच त्यांना जास्त टोचलं.

“येतंय. जरा दम धर.”

त्यांची अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. लाईन बंद पडली की लोक त्यांचं नाव घ्यायचे. म्हणूनच मुलाचा जुना कॉम्प्युटर अडगळीतून काढून, त्यात जादाचं नेटवर्क कार्ड बसवून त्यांनी घरचा राउटर स्वतः बनवला. सुरुवातीला कौतुक झालं. हल्ली मात्र तो चालता चालता मान टाकायचा. सुनेने दुकानातून नवा आणून कपाटावर ठेवला होता. त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तो न फोडलेला खोका येता-जाता त्यांच्या डोळ्यांत खुपायचा.

त्यांनी वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. आतला पंखा घरघरत होता, पण दिवा काही लागेना.

सून दारात आली. ती डॉक्टर. लांबच्या दवाखान्यांतले स्कॅन घरी बसून तपासायची.

“एका पेशंटचा स्कॅन अर्धाच आलाय, आई. डोक्याला मार आहे. मोबाईलच्या नेटवरून करून बघितलं, तरी उतरत नाहीये. तिकडे सगळे खोळंबलेत.”

“मला माहितीये याची खोड. आत्ता उठवते.”

सून जागची हलली नाही.

सासूबाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. स्टूल ओढून स्वतःच चढल्या आणि खोका दातांनी फोडला. आपल्या यंत्रातली वायर उपसून नव्या डब्यात खुपसली, त्याच्या पाठीवरचा पासवर्ड मोठ्याने वाचून दाखवला. डबा निमूटपणे सुरू झाला.

आतून सुनेचा फोनवरचा आवाज आला, “रक्त साचतंय. थांबू नका, लगेच ऑपरेशनला घ्या.”

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

“वाचेल?” सासूबाईंनी विचारलं.

“वाटतंय तसं. वेळेत कळलं.”

जुन्या कॉम्प्युटरचा पंखा अजून फिरत होता. सून तो बंद करायला वाकली.

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “बिघाड कुठे आहे, एवढं तरी मला कळू दे.”