फायरप्लेसवरचा फोटो

ह्यूस्टनच्या तेलकंपन्या माणसं काढत होत्या. त्यात प्रतापचीही नोकरी गेली आणि शुगर लँड या उपनगरातलं घर विकायला काढावं लागलं. "जुन्या विटांची फायरप्लेस बघून गिऱ्हाईक परत जातं, तिला खरा दगड लावून घ्या," असं एजंट बाईंनी सांगितलं. माणूस लावणं परवडणारं नव्हतं. मग प्रताप आणि कांचननं तीन आठवडे खपून एकेक दगड स्वतः बसवला. सिमेंटनं कांचनच्या बोटांची सालं निघाली.

शनिवारी गिऱ्हाइकं यायची होती. सकाळीच एजंट बाई आल्या. दगडावरून हात फिरवून खूश झाल्या. मग फायरप्लेसवरच्या फळीवरचा या दोघांचा आणि मुलींचा फोटो उचलून त्यांनी पालथा ठेवला.

"लोक येतील तेव्हा तुम्ही घरात थांबू नका. आणि आज स्वयंपाकही नको, घरात मसाल्याचा वास राहतो."

कांचनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रतापनं तिचा हात दाबला. "जाऊ दे, कांचन. घर विकलं जायला हवं."

बाईंनी पर्समधून एक फ्रेम काढून फळीवर मांडली. फोटोत सोनेरी केसांचे आईबाप होते, दोन गोरी मुलं होती.

"हे कोण?" कांचननं विचारलं.

"कोणी नाही. फ्रेमबरोबर दुकानातून आलेला फोटो आहे. फळी रिकामी बरी दिसत नाही."

कांचन काही बोलणार, तेवढ्यात प्रताप उठला. तसाच अनवाणी अंगणात गेला आणि 'फॉर सेल'ची पाटी त्यानं दोन्ही हातांनी उपटून काढली.