आहे तीच स्क्रीन

"एवढं भरभर कसं जमतं हो तुम्हाला, तैयबाआपा?"

"सवय, मॅडम. दुसरं काय." तैयबाने एंटर दाबलं. प्रिंटर घरघरला. तिकीट फाडून तिने खिडकीबाहेर धरलं.

आगरदांड्याच्या फेरीबोटीच्या तिकीटघरात रुचिका मॅडम सकाळपासून तिच्या शेजारी ठाण मांडून बसली होती. ही बाई म्हणे कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास करते. माणसं ते कसं वापरतात ते लिहून काढते. तिचा लेख परदेशात छापून आला होता. डोळे आधी बटण शोधतात, मग हात जातो. म्हणून बटणं मोठी, रंगीत हवीत, असं त्यात होतं. बोटकंपनीच्या साहेबांना ते इतकं पटलं, की दुसऱ्या बंदरावरची अख्खी स्क्रीन त्यांनी बदलून टाकली. आता पाळी इथली. पण इथली तिकिटं सगळ्यांत झटपट निघतात, ती का, या कोड्याने मॅडमला पछाडलं होतं.

तैयबाला मात्र नव्या स्क्रीनचं नावही नको होतं. बटणं हलली की आपली नोकरी गेलीच, हे तिला पक्कं ठाऊक. नवरा कतारहून कायमचा परतलेला, घर तिच्याच पगारावर.

"नवी स्क्रीन छान आहे, बघा तरी," रुचिका म्हणाली.

"असेल. पण माझं हिच्यावर बरं चाललंय. आजवर एक गलती न्हाय केली."

बाहेर टेम्पो खरखरत थांबला.

"धर्माजी, आज लवकर?" तैयबाने विचारलं.

"व्हय, मंडपाचं सामान हाय. म्हसळ्याला लगीन."

तो बोलेपर्यंत तिकीट निघालंसुद्धा.

"गाडी कुठली ते त्यांनी सांगितलंच नाही," रुचिका म्हणाली.

"रोजचाच तो."

रुचिकाची खुर्ची सरकली. टेबलाला वळसा घालून ती पलीकडे गेली, परत येऊन बसली. "पाय अवघडले," म्हणाली. त्यानंतर तिचं पेन कागदावर भराभर चालत राहिलं. जीपवाले आले, रिक्षावाले आले, तैयबा तिकिटं काढत राहिली. ही बाई एवढं काय लिहितेय, काही कळेना. जीव नुसता टांगणीला लागला.

शेवटी रुचिका म्हणाली, "इथलं काही बदलू नका, असं लिहून देते साहेबांना. माझा लेखही नव्याने लिहायला हवा."

"अल्लाह तुमचं भलं करो." तैयबाला रडूच यायचं बाकी होतं. मग तिला हुरूप आला. "बघा ना, मॅडम, सगळं कसं जागच्या जागी हाय." समोरच्या काचेवर बोट टेकवत ती दाखवू लागली. "हे गाडीचं. हे माणसांचं. हा हिरवा रंग तर किती छान दिसतो."

रुचिकाने तिचा हात हळूच धरून खाली घेतला आणि खिडकीबाहेर जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आपा, स्क्रीन मी मघाशीच बंद केलीय."