दुसरं माणूस

शांतवनबाबांच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी गावातलं उरलेलं ख्रिस्ती कुटुंब पुण्याला गेलं आणि चर्चमध्ये बाबा एकटेच राहिले.

उभं आयुष्य ते वाड्यावस्त्यांवर डफ वाजवत येशूची गोष्ट सांगत फिरले होते. आता गुडघे थकले होते. तरी दर रविवारी ते घंटा वाजवत, चटई अंथरत आणि दाराकडे बघत बसत. दोघं जमल्याशिवाय उपासना सुरू करायची नाही, हा त्यांचा नेम. दुपारी चटई गुंडाळून घरी जात.

"कुणाला बोलावता हो बाबा? माझ्या शेळ्या तेवढ्या दचकतात!" शेजारची गोदाक्का रस्त्यावरून टोमणा मारायची.

"एक माणूस हवंय, अक्का."

एका रविवारी ती शेळ्या बाहेर बांधून आत आली नि चटईवर बसली. "करा सुरू. तुमचं असं परतणं बघवत नाही."

बाबांनी डफ जवळ ओढला.

"इतकी वर्षं हाका मारताय, तुमचा देव ऐकतो तरी का?" तिनं विचारलं.

"आज ऐकलं की," बाबा म्हणाले आणि गाऊ लागले.

नाताळापर्यंत ती दर रविवारी आली. शांतवनबाबा नाताळानंतरच्या सोमवारी वारले.