नुसती विनंती

चावीवाल्याने दाराच्या कुलपाचे दोन स्क्रू काढले होते आणि तिसरा अडून बसला होता, तेवढ्यात वकीलबाई जिना चढून वर आल्या. दम इतका लागला होता की तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी नुसता मोबाइल पुढे केला.

पोलिसाला सोबत घेऊन आलेल्या बेलीफने तो घेतला नाही. "मॅडम, आता काही दाखवू नका. कोर्टाचा हुकूम आहे. घर रिकामं करून मालकाच्या ताब्यात द्यायचं. खाली ट्रक उभा आहे."

इमारत नव्या मालकाने घेतली होती आणि त्याला ती रिकामी हवी होती. बाकीचे भाडेकरू निघून गेले. उरली ही शिवणकाम करणारी बाई आणि तिचे वडील. दुसरीकडे जागा मिळेपर्यंत थांबा, एवढंच तिचं म्हणणं होतं. नगरपालिकेचे उंबरे झिजवूनही जागा काही मिळाली नाही. आता तिचं मशीन जिन्यात होतं, मशीनवर गाद्या, आणि वडील रिकाम्या खोलीच्या मधोमध खुर्चीत, कोट घालून. त्यांना ऐकू कमी यायचं. त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने ते सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते, "गेले का गं ते?"

"नाही, बाबा."

वकीलबाईंना अखेर आवाज सापडला. "समितीचं उत्तर आलंय. राहायला दुसरी जागा न देता कुणाला रस्त्यावर आणायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय करार आहे. आपल्या सरकारची सही आहे त्याच्यावर. तो पाळला जातो की नाही हे बघणारी समिती आहे, तिच्याकडे आम्ही तक्रार केली होती. निकाल लागेपर्यंत या दोघांना बाहेर काढू नका, असं तिने सरकारला कळवलंय."

"सह्या करणारे वर बसतात, जिने मी चढतो," बेलीफ म्हणाला. पण मोबाइल घेतला. वाचला. "ही तर विनंती आहे, मॅडम. 'विनंती करण्यात येते.' हुकूम कुठाय?"

वकीलबाईंनी मोबाइल परत घेतला. विनंतीच होती ती. अशा समितीकडे ना पोलीस असतात, ना ट्रक. तिच्याजवळ हा एवढा एकच शब्द असतो आणि पुष्कळदा त्याला कुणी भीक घालत नाही. बाईने वकीलबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, काय ते ओळखलं आणि वरची गादी उचलली.

उद्या नसती भानगड नको म्हणून बेलीफने कोर्टातल्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज असा की फोन कानाला लावूनही सगळ्यांना ऐकू जावा. "विनंतीच ना नुसती? मग वाचली म्हणायचं आणि कामाला लागायचं."

"बरं, साहेब," बेलीफ सवयीने म्हणाला. मग त्याची नजर हातातल्या नोटिशीवर गेली आणि तिथेच थांबली. "साहेब, एक शंका. आपण यांना नोटीस पाठवली ना, तिच्यातही विनंतीच आहे. 'घर रिकामे करून सहकार्य करावे, ही विनंती.' ती यांनी मानली नाही म्हणून तर मी पोलीस घेऊन आलोय."

"अहो, ती लिहायची पद्धत असते!"

"तेच म्हणतो मी. त्यांचीही पद्धतच असणार." चावीवाल्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात दडवलं. "तर साहेब, समितीची विनंती बाजूला ठेवून घर रिकामं कर, एवढं मला लेखी द्या. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

लेखी म्हटल्यावर साहेबांचा आवाज एकदम माणसात आला. न्यायाधीशांना विचारून सांगतो, म्हणाले.

खालून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. बाई गादी छातीशी धरून उभीच होती. फोन वाजला तेव्हा बेलीफ भिंतीकडे तोंड करून नुसतं हो हो करत राहिला.

"न्यायाधीशांनी थांबवलंय," तो वळून म्हणाला. "समितीचा निकाल लागेपर्यंत. ताई, ती गादी खाली ठेवा. म्हणजे... आत ठेवा."

आपल्याला रडू कोसळेल असं तिला वाटलं होतं. लागली ती भूक. कालपासून पोटात काही नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. वकीलबाई पायरीवर बसकण मारून कपाळावरचा घाम पुसत होत्या.

"किती दिवस मिळाले?" तिने विचारलं.

"वर्ष लागेल. जास्तही लागेल. आणि तोवर जागा शोधायची ती सरकारने, तुम्ही एकटीने नाही."

"गेले का गं ते?" आतून आवाज आला.

"जातायत, बाबा!" ती इतक्या जोरात ओरडली की बेलीफही हसला. मग त्याने मशीनची एक बाजू धरली, पोलिसाने दुसरी, आणि दोघांनी ते खिडकीपाशी नेऊन ठेवलं.

चावीवाल्याने स्क्रू परत बसवले. तिसरा आता मुकाट्याने बसला. "ताई, आतून लावून बघा एकदा."

दार लागलं. आत कडी सरकली. बाहेर चौघे उभे राहिले आणि मग बेलीफच्या लक्षात आलं की घर रिकामं न करता परत जातोय, या कागदावर तिची सही राहिलीच. आल्या आल्या त्याने मुठीने दार बडवलं होतं. आता त्याने एका बोटाने टकटक केली.

"कोण आहे?" आतून तिने विचारलं.

बेलीफ गडबडला. त्याने वकीलबाईंकडे पाहिलं, टोपी काढून हातात घेतली आणि घसा खाकरला.

"मी आहे, ताई. येऊ का आत?"