अर्धी समजूत

ठण्णकन झाकण फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. सकाळच्या शांत घरात ते थांबता थांबेना.

"लागलं का, आई?" डबा भरता भरता तिने विचारलं.

"नाही गं. डावीकडे होतं, दिसलंच नाही मेलं," सासूबाई म्हणाल्या.

तिचा हात थांबला.

डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटना समजावून सांगणं हे तिचं काम. दिवसातून तीस वेळा तेच. डोळ्यात जेलीसारखा पदार्थ असतो, वयाबरोबर तो पातळ होतो, त्यातले धागे तरंगतात, त्यांचीच सावली म्हणजे हे काळे ठिपके, घाबरायचं नाही. मग जरा थांबून पुढचं: ठिपके एकदम वाढले, वीज चमकल्यासारखं झालं, कडेने पडदा आल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी यायचं.

महिन्यापूर्वी डोळ्यांपुढे माश्या उडतात म्हणून सासूबाईंनी अन्नपाणी सोडलं होतं. डॉक्टरांनी तपासलं, काळजी नाही म्हणाले, "बाकीचं तुम्ही घरी सांगालच." त्या संध्याकाळी मांडीवरच्या लेकीला थोपटत तिने सासूबाईंना घाबरायचं नाही इथपर्यंत सांगितलं. पुढचं सांगायच्या आत बसल्या जागी तिचाच डोळा लागला. दुसऱ्या दिवशी सासूबाई पोटभर जेवल्या, आणि ते राहूनच गेलं.

तेव्हापासून त्या निर्धास्त. शेजारणीलाही सांगायच्या, "जेली असते ती. आमच्या घरातच दवाखाना आहे."

"डावीकडे कधीपासून दिसत नाही?"

"परवापासून. कोपऱ्यात पडदा ओढल्यासारखं वाटतं. तुझी जेलीच असणार."

"मला बोलला नाहीत?"

"तू येतेस ती चिंधी होऊन. किती वेळा तेच तेच विचारायचं तुला?"

तिने गॅस बंद केला. दवाखान्यात फोन लावला. "आत्ता घेऊन येते. डावीकडचं दिसत नाहीये, दोन दिवस झाले." पडद्याचं त्यांना सांगितलं नव्हतं का, असं पलीकडून विचारलं. "हो," ती म्हणाली, "सगळं सांगितलं नव्हतं. मीच."

रिक्षात सासूबाईंना हळूच बसवलं. लेक गणवेशात, एका पायात मोजा, दुसरा हातात.

"आई, मी कुठे बसू? आजीला दिसेन अशी."

"उजवीकडे बस."

लेक वळसा घालून पलीकडून चढली, आजीला चिकटून बसली. रिक्षा निघाली.

"आणि परत येताना कुठल्या बाजूला बसू?" लेकीने विचारलं.